कासरा

१२ नोव्हेंबर

आज आमच्या कुत्र्याने, तांबूने, शेजारच्या काकूंची तलंग मारली. सकाळी फाटक उघडून दूधवाल्याकडून किटली घेत होते, तेवढ्यात पायाजवळून काहीतरी सटकलं. ओरडायलाही वेळ मिळाला नाही. परत आला तो तोंडात तिला धरूनच. शेपूट सैल, डोळे शांत, रागाचा लवलेश नाही. पायरीवर ठेवली आणि माझ्याकडे बघत बसला, जणू पेपर घेऊन आलाय.

सहाशे रुपये घेऊन गेले. काकू म्हणाल्या, "पैशाचं नाही गं बाई, अंड्यावर आली होती." यावर काय बोलणार? नोटा ओट्यावर ठेवून आले.

दिवसभर सल्ले. काका म्हणाले, "गळ्यात लोढणं अडकव. गुडघ्यावर आपटलं की बसेल गप." कुणी म्हणालं, मेलेली कोंबडी त्याच्याच तोंडावर मार. दादाचा फोनवरून एकच धोशा, नसबंदी कर. ती करायचीच आहे, पण कोंबडीमागे धावणं त्याने थांबणार नाही. माज वेगळा आणि ही ओढ वेगळी. आणि तोंडावर मारून त्याला काय कळणार? त्याच्या लेखी त्याने काम केलं होतं.

१५ नोव्हेंबर

राग उतरला. तांबू कारवान जातीचा, शिकारी कुत्रा. सोलापूरकडच्या पाव्हण्यांनी दिला तेव्हा ओंजळीत मावत होता, आता अडीच वर्षांचा आहे. या जातीला पिढ्यान् पिढ्या माणसांनी एकाच गुणावर निवडलं: लांबवर हललेलं दिसलं पाहिजे आणि दिसल्याबरोबर सुटलं पाहिजे. हे कुत्रं वासावर नाही, नजरेवर चालतं. कर्नाटकात याच रक्ताचा मुधोळ हाउंड, २००५ साली टपाल तिकिटावर आला. तिकिटावर ज्याचं कौतुक, त्याचंच घरी लोढणं.

शिकारीचे म्हणे टप्पे असतात. हेरणं, नजर रोखणं, दबा धरणं, पाठलाग, पकड, मारणं, फाडणं. माणसाने जातीजातीत यातला एखादा टप्पा वाढवला, एखादा दाबला. मेंढ्या वळवणाऱ्या बॉर्डर कोलीत रोखलेली नजर आणि दबा उरला, पकड दाबली गेली. लॅब्रॅडॉर तोंडात धरतो, पण दात लावत नाही. आमच्या साहेबांचा पाठलाग अवाढव्य. आणि पाठलागाचं बक्षीस पाठलागातच असतं. ससा सापडो न सापडो, धावला की त्याचा पगार झाला. म्हणजे प्रत्येक वेळी तो निसटतो तेव्हा एक धडा गिरवतो, फक्त शिकवणारी मी नसते.

२ डिसेंबर

बैलाचा कासरा घेतला, म्हटलं दहा-बारा मीटर लांब, मजबूत, घरचाच. गळ्यातल्या पट्ट्याला बांधला आणि गायरानात नेला. बांधावरून तितर उडाला. तळहाताची कातडी सोलून निघाली, उजव्या हाताची, आणि उद्यापासून चाचणीचे पेपर तपासायचे. त्याहून वाईट म्हणजे कासरा संपला तेव्हा तो हवेतच उलटा झाला. मान मोडली असती.

शहाणपण उशिरा आलं. लांब दोरी कधीच गळ्याला बांधायची नाही, छातीवरच्या हार्नेसला बांधायची. आता जुन्या खाटेची नवार धुऊन घेतली आहे, रुंद असल्यामुळे हात कापत नाही. टोकाला गाठ मारून ती जमिनीवर सोडायची आणि पाय ठेवायला तयार राहायचं. रोजच्या फिरण्यालाही ओढला की किंचित आवळणारा रुंद पट्टा आणला. या कुत्र्यांची मान डोक्याएवढीच जाड, साध्या पट्ट्यातून डोकं मागे खेचून सहज निसटतात.

१९ डिसेंबर

शिट्टीचा अभ्यास. शाळेतल्या पी.टी.च्या जादा शिट्ट्यांतली एक मागून आणली. दोन छोट्या फुंका म्हणजे उकडलेली कलेजी, दुसरं काहीही नाही. आधी स्वयंपाकघरात, मग अंगणात, मग फाटकाबाहेर. आठवडाभर फक्त शिट्टी वाजवायची आणि द्यायचं, बोलावायचंसुद्धा नाही. आता अंगणात शिट्टी वाजली की तो आडवातिडवा धावत येतो, मांजर शेजारी बसलेली असली तरी.

पण मांजर बसलेली असते. धावणारी मांजर वेगळा विषय.

२७ डिसेंबर

सुट्टीला आलेल्या भाच्याने लेझर टॉर्चचा लाल ठिपका भिंतीवर नाचवला. सगळे हसले, मीही. नंतर दोन दिवस तांबू संध्याकाळ झाली की त्याच भिंतीसमोर उभा. ताटाची चकाकी छतावर हलली तरी थरथरायला लागला. कधीच न संपणारा, हाती काहीच न लागणारा पाठलाग या जिवांना वेडं करू शकतो. टॉर्च कपाटात, कपाटाला कुलूप.

त्याऐवजी वेताची लांब काठी, टोकाला दोरी, दोरीला गोधडीची चिंधी. चिंधी जमिनीवरून पळवायची. आधी "थांब", मग मोकळीक, मग धर, मग "सोड". शेवटी चिंधी त्याला मिळालीच पाहिजे. पाच मिनिटांत धापा टाकतो. पिल्लाला इतकं पळवू-वळवू नये, सांधे कोवळे असतात. प्रेमॅक नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा नियम हाच: जास्त आवडीचं काम कमी आवडीच्या कामाची मजुरी होऊ शकतं. आम्ही शाळेत म्हणतो, आधी पाढे, मग मैदान.

८ जानेवारी

हे लिहायचं टाळत होते.

परवा संध्याकाळी गायरानात कुणी नव्हतं. ऊन तिरकं, गवत वाळून पिवळं झालेलं. पंचवीस पावलांवरून ससा उठला. तांबूचे कान उभे राहिले, एक पाय उचलला गेला, आणि त्या क्षणी माझा पाय नवारीवर होता. होता म्हणजे खरंच होता. मी तो उचलला.

कारण मला बघायचं होतं. एका ढांगेत दोनदा चारही पाय जमीन सोडतात, एकदा अंग मुटकुळं होऊन आणि एकदा पार ताणलं जाऊन. ससा वळला की शेपटीचं सुकाणू करून हा वळतो. दोन वर्षं मी कौतुकाने सांगत आले, "आमचा तांबू काय पळतो!" आणि त्याच तोंडाने शिट्टी फुंकत होते.

शिट्टी वाजवली. ऐकू गेली असेल की नाही, देव जाणे. तो टेकाडापलीकडे गेला. पलीकडे, लांब का होईना, मयूरेश्वर अभयारण्य, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, चिंकारा हरणांसाठी १९९७ मध्ये राखलेलं. गाभण चिंकारीला कुत्र्याने नुसतं पळवलं तरी जिवावर बेतू शकतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तर मागे कुत्रं घालून पळवणं हीसुद्धा शिकारच. माझे आजोबा कारवानी घेऊन सशाला जायचे, गोष्टी रंगवून सांगायचे. त्या गोष्टी माझ्या पायातून बाहेर पडल्या असं म्हणायचा मोह होतो, पण पाय माझाच होता.

वीस मिनिटांनी आला. तोंड रिकामं, पुढच्या पंजाची गादी तारेने चिरलेली, नवार अर्धी फाटलेली. हळद लावताना तो माझा हात चाटत होता.

३० जानेवारी

पंजा भरला. गायरानात जायची वेळ बदलली. भल्या पहाटे आणि तिन्हीसांजेला ससे चरतात, म्हणून आता दुपारी तीनला, ऊन लागलं तरी. शिट्टी धावण्याआधी वाजली पाहिजे, धावल्यावर तिचा उपयोग नाही. कान उभे राहणं आणि पाय सुटणं यांत एक श्वास असतो. त्या श्वासासाठी मला सशाकडे नाही, तांबूच्या कानांकडे बघत चालावं लागतं. गायरानात काय काय आहे ते हल्ली मला दिसतच नाही.

आज कान उभे राहिले. ससाच असावा, मी मान वळवली नाही. दोन फुंका. त्याने तिकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत तिकडे. मग मानेला हिसडा देऊन आला, वळवताना दुखल्यासारखा. डब्यातली सगळी कलेजी ओतली आणि पाठोपाठ चिंधीची काठी काढून मनसोक्त पळवला.

नवार पायाखालीच होती. ती राहणार, जन्मभर राहिली तरी चालेल. काकूंनी काल चार नव्या तलंगा आणल्यात, आमच्या कुंपणाला आता दीड फूट जास्तीची जाळी आहे.

उद्या सकाळची शाळा. कलेजी आत्ताच उकडून ठेवली पाहिजे.