तुम्ही विचारलंत म्हणून : नाचणीनं साखर उतरते का?

नाही. म्हणजे तुम्ही ज्या अर्थानं विचारता, त्या अर्थानं नाही उतरत.

एवढ्यावर थांबलो तर तुम्ही म्हणणार, हा माणूस नाचणीचं पीठ विकतो आणि तोच नाही म्हणतो, काहीतरी गडबड आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो. बेळगावात वडगावला माझी पिठाची गिरणी आहे. दळणाच्या डब्याबरोबर हा प्रश्न आता रोज येतो. मराठीत येतो, "मामा, नाचणीनं शुगर उतरतीय न्हवं?" कन्नडमध्ये येतो, "रागी तिंद्र शुगर कडिमी आगतैतेन्री?" विचारणाऱ्याला खरं तर काही विचारायचं नसतं, फक्त माझा होकार हवा असतो. डबा आधीच काट्यावर चढलेला असतो.

आणि हो, गिरणीच्या दारात फळा आहे. त्यावर 'नाचणी : मधुमेहींसाठी उत्तम' असं मीच लिहिलंय. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं, तेव्हा लिहिलं. तुमच्यातले चाणाक्ष लोक त्याच्याकडं बोट दाखवतात. फळ्याचं नंतर बोलू.

आधी नाचणीचा मान नाचणीला देऊन टाकतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली आपल्या अन्नपदार्थांचे तक्ते काढले. त्यात शंभर ग्रॅम नाचणीत कॅल्शियम ३६४ मिलिग्रॅमच्या आसपास आहे. ज्वारीत तीसच्या आत, गव्हात चाळिसाच्या आगंमागं, पांढऱ्या तांदळात दहासुद्धा नाही. या बाबतीत रोजच्या धान्यांत तिच्या जवळपास कुणी नाही, इथं माझ्याशी वाद घालू नका. त्यातलं सगळं अंगी लागत नाही, सालातली फायटेट आणि ऑक्झलेट काही अडवून धरतात. भिजवून मोड आणले की फायटेट कमी होतं. लोह मात्र साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास, ज्वारी-गव्हाहून थोडंसंच जास्त. बाईमाणसाला दिवसाला २९ मिलिग्रॅम लागतं असं त्याच संस्थेचं म्हणणं. तेव्हा 'नाचणीनं रक्त वाढतं' म्हणून लेकीच्या गरोदरपणात लोहाच्या गोळ्या बंद करू नका, आणि भाकरी संपली की लगेच चहाचं आधण ठेवू नका. हे प्रश्नाबाहेरचं झालं, पण तुम्ही तेही विचारता.

साखरेचा हिशोब निराळा. शंभर ग्रॅम नाचणीत कर्बोदकांचं प्रमाण साधारण ६७ ग्रॅम, त्यात बहुतेक पिष्टच. ज्वारीत जवळजवळ तेवढंच, गव्हात किंचित कमी. म्हणजे पोटात गेल्यावर ज्याची साखर होणार तो माल तेवढाच. तंतू, ज्याला तुम्ही फायबर म्हणता, ते नाचणीत ११ ग्रॅम, ज्वारीत १०, सालासकट गव्हात ११, आणि पांढऱ्या तांदळात तीनच्या आत. आता हे आकडे आपल्या ताटात वाढून बघा. भात कमी केला आणि त्या जागी नाचणीची भाकरी आली, तर फरक पडतो. बैलहोंगल-सौंदत्तीकडच्या ज्वारीची भाकरी सोडून नाचणीची धरली, तर हाडांचं भलं झालं, साखरेत फारसं काही हललं नाही. आणि भात, भाकरी सगळं आहे तसं ठेवून वर सकाळी वाटीभर नाचणीची खीर सुरू केली, तर साखर वाढते. माझ्या गिऱ्हाइकांत हा तिसरा प्रकार सगळ्यात जास्त.

दळायचं कसं, हे मात्र कुणी विचारत नाही. गिरणीवाल्याला विचारायचा खरा प्रश्न तो. नाचणीला तांदळासारखं पॉलिश होत नाही. दाणा मोहरीएवढा, आणि तांबडं साल आतल्या पिठाला असं धरून बसलेलं की साध्या गिरणीत ते वेगळं निघतच नाही, त्यामुळं सालासकट दळली जाते. हे तिचं मोठं सुख. पण लोकांना ते तांबडं-काळपट पीठ नको असतं. "मामा, मैद्यासारखं बारीक करा." पीठ जेवढं बारीक आणि जेवढं पातळ शिजवलेलं, तेवढं ते भराभर पचतं. त्याहून पुढची पायरी सत्त्वाची, म्हणजे नाचणीला मोड आणून, वाळवून दळलेल्या पिठाची. मोड आले की दाण्यातलीच पाचकं पिष्टाचे तुकडे करायला लागतात. म्हणून सत्त्वाला गोडसर चव येते, त्याची पेज पातळ होते, सहा महिन्यांवरच्या बाळाला ती सोसते. नेमक्या त्याच कारणानं ती शुगरवाल्याला लवकर चढते. वरून वस्त्रगाळ केलं की साल फडक्यावर राहिलं, म्हणजे तंतूही गेले. बाळाचं खाणं आजोबांना देऊन वर 'पौष्टिक आहे' म्हणायचं! आहेच पौष्टिक, बाळाला.

(एक सांगायचं राहील म्हणून इथंच सांगतो. ज्यांना सीलिॲकमुळं (गव्हातलं ग्लुटेन सोसत नाही तो आजार) गहू पूर्ण वर्ज्य आहे त्यांनी नाचणी दळायला आणताना आधी सांगावं. गव्हाच्या दळणावर नाचणी घातली की पहिल्या पिठात गहू येतोच. मी त्यांचं दळण सकाळी, दगड उघडून झाडल्यावर, सगळ्यात आधी घेतो.)

"आपली पूर्वीची माणसं नाचणीच खायची, त्यांना कुठं होती शुगर?" हे ऐकलं की मात्र माझं डोकं फिरतं. आमचं मूळ गाव खानापूर तालुक्यात, कणकुंबीच्या वाटेवर. आमची आजी जुलैच्या पावसात खोळ पांघरून डोंगरउतारावर नाचण्याची रोपं लावायची, पिकलेला भात बाजारात जायचा आणि घरात नाचणी उरायची. दिवसभर कमरेतून वाकलेली बाई दोन भाकऱ्या खाऊन झोपायची. आणि तिची साखर तपासली होती कुणी? ती कशानं गेली ते आम्हाला आजही माहीत नाही, 'म्हातारपण' असं सांगितलं जातं. शिवाय हे धान्य मूळचं पूर्व आफ्रिकेतलं, तिकडून हजारो वर्षांपूर्वी इकडं आलं. आपल्या रक्ताशी त्याची काही खास सोयरीक नाही.

आता आक्काचं. हे गिरणीत उभ्याउभ्या सांगता येत नाही म्हणून कुणाला सांगितलं नाही.

आक्का माझी थोरली बहीण. मुलाच्या नोकरीमुळं तिचं कुटुंब आता इथंच, अनगोळला. शुगर जुनी. गोळ्या वेळेवर, सकाळचं फिरणं वेळेवर, तिच्यासारखं पथ्य पाळणारं माणूस मी बघितलेलं नाही. दाजींच्या कानावर नाचणीचं माहात्म्य गेलं आणि त्यांनी घरातली ज्वारी बंद केली. पीठ माझ्याकडून जायचं. भाचा वर बाजारातून सत्त्वाचे पुडे आणायचा, "आईला ताकद येऊ दे" म्हणून. आक्का सकाळ-संध्याकाळ कपभर सत्त्व प्यायची, बिनगुळाचं, नाक मुरडत. आणि दर तपासणीला साखर मागच्यापेक्षा जास्त.

त्या वर्षी गणपतीत सगळे आमच्याकडं जेवायला होते. आदल्याच दिवशी रिपोर्ट आलेला, तीन महिन्यांची सरासरी सांगणारा, एचबीए१सी. दहाच्या वर. पंगत बसली होती. दाजी मोठ्यानं म्हणाले, "नाचणीवर ठेवलीय, गोळ्या घालतोय, तरी वाढतीय. म्हणजे काय समजायचं? चोरून खातीय की." पंगत हसली. कुणीतरी तिच्या समोरचं मोदकांचं ताट उचलून लांब ठेवलं, तेही हसतच. आक्कानं आमटी-भात कालवला होता, तो तसाच राहिला.

घरी गेल्यावर भाच्यानं तिचं कपाट उघडलं. तिच्यासमोर. साड्यांच्या मागं कुंद्याचा, म्हणजे आमच्याकडच्या खव्याच्या मिठाईचा, डबा निघाला. नातू धारवाडला शिकायला असतो, तो सुट्टीला येणार म्हणून तिनं आणून ठेवला होता. डब्याला दुकानातला दोरा होता तसा बांधलेला. भाचा म्हणाला, "म्हणजे आज ना उद्या सोडणारच होतीस." हे मला नंतर सुनेनं सांगितलं, आणि सांगताना तिला रडू आलं.

आक्का भांडली नाही. तिनं भात टाकला. मग भाकरीही टाकली. दोन वेळा ताकातली पातळ आंबील आणि गोळ्या पहिल्यासारख्याच. निर्दोष ठरायचं होतं तिला. त्याच आठवड्यात एका पहाटे ती ओट्याखाली पडलेली सापडली. अंग घामानं निथळत होतं, हात थरथरत होते, जीभ जड. दवाखान्यात साखर बघितली तर पन्नासच्या खाली.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं विचारलं, "काय काय खाता?" दाजी आणि भाचा एकदमच म्हणाले, "नाचणी! फक्त नाचणी." त्या आवाजातला अभिमान मला अजून ऐकू येतो. डॉक्टर म्हणाली, "मी मावशींना विचारलं." आक्कानं आधी दाजींकडं बघितलं, मग सांगितलं. मग त्या मुलीनं सगळ्यांना नीट समजावलं. या जातीच्या गोळ्या तुम्ही जेवा न जेवा, अंगातलं इन्सुलिन बाहेर काढायला लावतात. पोटात काही नसलं की साखर कोसळते. आणि एरवी ती वाढत होती, कारण आजार जुना झालाय, स्वादुपिंड दमलंय, गोळ्यांचं काम संपत आलंय. बऱ्याच जणांचं काही वर्षांनी असं होतं. आता इन्सुलिन घ्यावं लागेल.

आक्का म्हणाली, "म्हणजे मी चोरून खाल्लं नव्हतं, हे कागदावर लिहून द्या."

डॉक्टरला आधी कळलंच नाही. कळल्यावर ती म्हणाली, "असं सर्टिफिकेट नसतं, मावशी." आणि दाजींकडं बघत राहिली. दाजी सलाईनची बाटली बघत होते.

यात नाचणीचा काय दोष? काही नाही. दाण्याबद्दल माझं वाईट मत नाही, पोट त्याच्यावर चालतं माझं. पण घरात एकदा ठरलं की नाचणी खाल्ली की साखर उतरतेच, तर ज्या दिवशी ती चढेल त्या दिवशी कुणाचं तरी कपाट उघडलं जातं. गिरणीत तुमच्यातले काही जण मला सांगतात, "आईला नाचणीवरच ठेवलंय, तरी वाढलीय, काय खाते कोण जाणे." माझ्या डोळ्यांसमोर तो दोरा बांधलेला डबा येतो. मी म्हणतो, डॉक्टरला दाखवा. तुम्हाला ते उत्तर टाळल्यासारखं वाटतं.

आता फळा. तो लिहिणारा मी आणि हे लिहिणारा मी, दोघांचं पटत नाही. तो म्हणतो, खोटं काय लिहिलंय? तीन वेळा भात खाणाऱ्या माणसाला नाचणी उत्तमच. मी म्हणतो, मग 'भाताऐवजी' हा एक शब्द का नाही घातलास? तो म्हणतो, फळा केवढा, खडू केवढा, आणि असल्या अटी-शर्ती वाचून दळण टाकायला गिऱ्हाईक काय वकील आहे? शिवाय या फळ्यामुळं दोन घरांनी जरी पांढरा भात कमी केला असेल तर? यावर मी गप्प बसतो. फळा अजून तसाच आहे. मुलगा म्हणतो पुसू नका, मीही पुसलेला नाही, आणि दोघांची कारणं एकच आहेत असं म्हणवत नाही.

आक्का बरी आहे. इन्सुलिन घेते, भात वाटीनं मोजून खाते, ज्वारी परत सुरू झाली. नाचणीचं पीठ अजून नेते, जाडसर, बांगड्याच्या आमटीबरोबर भाकरी हवी म्हणून. सत्त्व बंद. दाजींचं मात्र म्हणणं बदललेलं नाही. ते म्हणतात, नाचणी होती म्हणूनच इन्सुलिन इतकी वर्षं लांबलं, नाहीतर कधीच लागलं असतं. त्यांना खोटं पाडायला माझ्याकडं काही नाही. नाचणीशिवाय तिची साखर काय राहिली असती, ते कोण मोजणार? मी म्हणतो, तिच्या चालण्यानं लांबलं असेल. ते म्हणतात, चालायची ताकद कुठून आली?

परवा ते गिरणीत बसले होते आणि एक नवीन गिऱ्हाईक आलं. तोच प्रश्न. मी म्हटलं, "घरी भात किती होतो?" तोवर दाजी बोललेच, "उतरतीय की! आमच्या घरात अनुभव आहे." त्या माणसानं माझ्याकडं बघितलं, फळ्याकडं बघितलं, आणि दाजींना विचारलं, "पीठ चांगलं की सत्त्व?"