दुपारच्या उन्हात काळवीट पळवू नका

मे महिन्यात बीड-धाराशिवकडच्या मुरमाड माळावर दुपारी पारा 42 अंशांना टेकतो आणि उघडी जमीन हवेपेक्षाही कितीतरी जास्त तापते. काळवीट, चिंकारा आणि रोही (नीलगाय) त्याच माळावर असतात, पाझर तलाव मात्र कधीच आटलेला असतो. त्यांची सगळी धडपड अंग गार ठेवण्यासाठी चालते असं आपल्याला वाटतं. खरी धडपड असते पाणी वाचवण्याची.

अंग गार करायचा हुकमी उपाय म्हणजे घाम किंवा धापा. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता निघून जाते. पण गेलेलं ते लिटर परत आणायचं कुठून? म्हणून कोरड्या मुलखातली काही जनावरं अंग तापू देतात. पाणी न मिळालेल्या उंटाचं तापमान पहाटे 34 आणि दुपारी 40 अंशांच्या वर मोजलं गेलंय. हेच गणित 30 किलोच्या काळविटाला लावून बघा. शरीर 2 अंशांनी तापलं तर साधारण 200 किलोज्यूल साठतात, म्हणजे 80-90 मिली पाणी वाचतं. 200 किलोच्या रोह्याचं अर्ध्या लिटरहून जास्त वाचतं. साठलेली उष्णता रात्री मोकळ्या आभाळाखाली, पाण्याचा थेंब न खर्चता बाहेर पडते. यात लहान अंगाची अडचण अशी की ते तापतंही लवकर. त्यामुळे चिंकाऱ्याला सावलीची गरज रोह्यापेक्षा जास्त.

मेंदूची सोय आणखी बारकाईची आहे. हरणांत मेंदूकडे जाणारी धमनी कवटीच्या तळाशी बारीक फाट्यांच्या जाळ्यात फुटते. नाकाच्या ओल्या अस्तरात गार झालेलं रक्त या जाळ्याभोवतून जातं आणि वर चाललेलं रक्त थोडं निवतं. पूर्वी याला मेंदूचं संरक्षण समजत. आता उलगडलंय की मोठा फायदा पाण्याचा आहे. तापमान जोखणारं केंद्र मेंदूतच असतं. ते गार राहिलं की घाम आणि धापा उशिरा सुरू होतात.

आणि घाबरून पळताना नेमकी हीच सोय बंद पडते. स्नायू विश्रांतीच्या कित्येक पट उष्णता तयार करतात, दिवसभर जपलेलं पाणी काही मिनिटांत धापांवाटे जातं. मोकाट कुत्र्यांनी किंवा मोटारसायकलवाल्यांनी दुपारी काळविटामागे लागणं म्हणूनच इतकं घातक आहे. जनावर निसटलेलं दिसतं, पण अतिश्रमाने स्नायू आतून खराब होतात आणि काही तासांनी किंवा दोन-चार दिवसांनी ते मरतं. अंगावर जखम नसते, मग लोक म्हणतात ऊन लागलं. दमलेलं हरीण सापडलं तर गर्दी हटवा, सावली करा, डोळ्यांवर सुती फडकं टाका, अंगावर साधं पाणी ओता. तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. लगेच वन विभागाच्या 1926 क्रमांकावर फोन करा.

शांत दुपारी ही जनावरं चरणं थांबवून हिवर-बाभळीच्या सावलीत रवंथ करतात. चरणं पहाटे आणि संध्याकाळनंतर. पहाटे हवेत दमटपणा जास्त असतो, वाळलेलं गवतही तो थोडा ओढून घेतं, म्हणजे त्याच घासात पाणी जरा जास्त. चिंकारा पाला आणि बोरांवर बरेच दिवस काढतो. काळवीट मुख्यतः गवतावरचं जनावर, त्याला कडक उन्हाळ्यात पाणी लागतंच.

त्यासाठी पाणवठा करायचा तर बशीसारखा करा: व्यास 3 मीटर, मधोमध खोली 30 सेंटिमीटर, काठाकडून मधे एकसारखा उतार. यात सुमारे 700 लिटर पाणी मावतं. उभ्या भिंतीचा हौद नको. पाणी खाली गेलं की पाडस वाकून पितं आणि आत पडतं. मे महिन्यात दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडालं तर पूर्ण भरलेल्या बशीतून रोज 70 लिटर नुसतीच वाफ होते, हे धरूनच टँकरचा हिशेब करा. वाफ होताना क्षार मागेच राहतात. बोअरच्या पाण्याने नुसती भर घालत राहिलात तर पाणी मचूळ होत जातं. म्हणून आठवड्याला बशी पूर्ण रिकामी करून घासा.

जागा निवडताना बहुतेक जण चुकतात. दाट झुडपाला लागून पाणवठा केला की कुत्रे तिथेच दबा धरतात, आणि काळविटाला चहूकडे मोकळं दिसल्याशिवाय तो मान खाली घालत नाही. पाणी उघड्यावर ठेवा, सावलीची झाडं थोडी लांब राहू द्या. टँकर सकाळी नऊनंतर, कळप पाणी पिऊन सावलीला गेल्यावर आणा, आणि त्या सावलीजवळून नेऊ नका. गायरानातले जुने हिवर तोडून शेजारी नवी बशी बांधलेली दिसते तेव्हा फार वाईट वाटतं. त्या सावलीत बसून जे पाणी खर्चच होत नव्हतं, ते आता रोज टँकरने आणावं लागतं.