मे महिन्यात पास, डिसेंबरमध्ये काठावर

पुण्यातल्या एका ऑफिस इमारतीच्या लीड (पर्यावरणपूरक इमारतींचं मानांकन) सर्टिफिकेशनमध्ये नैसर्गिक उजेड मोजायचं काम माझ्याकडे आलं. कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करूनही हे क्रेडिट, म्हणजे उजेडाचे पॉइंट, मिळतं, पण क्लायंटना प्रत्यक्ष मोजणीच हवी होती. लीड व्हर्जन 4 चा नियम ऐकायला सोपा आहे: सकाळी 9 ते दुपारी 3 च्या दरम्यान, टेबलाच्या उंचीवर, 300 ते 3000 लक्स (उजेडाचं एकक).

मोठ्या हॉलमध्ये 3 मीटरचं ग्रिड, म्हणजे दर 3 मीटरवर एक मोजणी, चालतं. 14 चौरस मीटरपर्यंतच्या खोलीत मात्र 900 मिलिमीटरचं लागतं. त्यामुळे माणसांनी भरलेला हॉल भराभर उरकला आणि एकट्या साहेबांच्या केबिनमध्ये मी मास्किंग टेपच्या खुणा करत बसलो. लाइट घालवले की कुणीतरी हमखास विचारायचं, "जनरेटर नाही का?" मीटर हातात धरून भागत नाही. आपली सावली सेन्सरवर पडते, पांढऱ्या शर्टाचा उजेडही. सेन्सर ट्रायपॉडवर आडवा ठेवायचा, वायर पुरेल तितकं मागे सरून खाली बसायचं, आकडा थांबला की लिहायचा.

मेमधले आकडे झकास आले. मेच्या मध्यावर पुण्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडक्यांतून ऊन आत शिरत नाही, फक्त आभाळाचा उजेड येतो. क्लायंट म्हणाले, "झालं ना मग?" कसलं झालं! दुसरी मोजणी लागतेच, आणि पहिली मेमध्ये केली असेल तर ती सप्टेंबर ते जानेवारीत. आम्ही डिसेंबर धरला.

डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम 48 अंशांवर. आखूड छज्ज्याला न जुमानता ऊन टेबलांच्या पहिल्या रांगेवर. तिथे मीटर 3000 च्या कुठल्या कुठे पुढे. पडदे होते, पण एकाची साखळी तुटलेली, म्हणून तिथल्या मुलीने काचेवर ड्रॉइंग शीट चिकटवली होती. मोजणीपुरती काढली. "सर, परत लावू ना?" लाव बाई. उलट लिफ्टच्या भिंतीलगत 300 सुद्धा भरेना. शेवटी 75 टक्के क्षेत्र बसलं, 90 काही बसलं नाही. तीनऐवजी दोन पॉइंट.

बाहेरून नुसते लूव्हर (ऊन अडवणाऱ्या पट्ट्या) लावले तर पुढची रांग सुटेल, पण आतला अंधार वाढेल. म्हणून मी खिडकीच्या वरच्या भागात पांढरे लाइट शेल्फ, म्हणजे आडव्या फळ्या, सुचवलेत, म्हणजे खाली सावली आणि उजेड छतावरून आत. खर्चाचा आकडा पाहून क्लायंट सध्या गप्प आहेत.