दोन कार्यालये, दोन राउटर आणि परतीचा मार्ग

राउटर शिकू पाहणारे बहुतेक जण आज्ञा पाठ करण्यापासून सुरुवात करतात. माझे मत असे आहे की, एकही आज्ञा बदलासाठी देण्यापूर्वी राउटिंग टेबल, म्हणजे कोणत्या नेटवर्ककडे कोणत्या वाटेने जायचे याची राउटरमधली यादी, वाचायला शिकावे. कॉन्फिगरेशनमध्ये आपण राउटरला काय सांगितले ते दिसते, तर टेबलमध्ये त्याने त्यातले प्रत्यक्षात काय स्वीकारले ते दिसते.

आमच्या कंपनीचे मुख्य कार्यालय ठाण्यात वागळे इस्टेटला आणि गोदाम महापे एमआयडीसीत आहे. दोन्हीकडे सिस्कोचे राउटर असून मध्ये एक लीज्ड लाइन, म्हणजे भाड्याने घेतलेली स्वतंत्र जोडणी, आहे. वागळेचे नेटवर्क १९२.१६८.१०.०/२४ आणि महाप्याचे १९२.१६८.२०.०/२४ असे धरू. मधल्या लिंकसाठी १०.०.०.०/३० पुरते, कारण त्यातल्या चार पत्त्यांपैकी एक नेटवर्कचा, एक ब्रॉडकास्टचा, आणि उरलेले दोन नेमके दोन टोकांना लागतात. इतक्या छोट्या रचनेतही शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

वागळेच्या राउटरवर १९२.१६८.२०.० कडे जाणारा स्टॅटिक राउट, म्हणजे हाताने लिहिलेला मार्ग, टाकला, पण महाप्याच्या राउटरवर उलट दिशेचा टाकला नाही, तर काय होते ते पाहण्यासारखे आहे. वागळेच्या राउटरवरून गोदामाच्या राउटरला पिंग केले, म्हणजे उत्तर मागणारे छोटे पाकीट पाठवले, की उत्तर व्यवस्थित येते, त्यामुळे लिंक चांगली आहे असे वाटते. मात्र शेजारच्याच संगणकावरून गोदामातल्या प्रिंटरला पिंग केले की ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येते. कारण असे की, राउटर स्वतः पिंग पाठवतो तेव्हा पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता १०.०.०.१ हा असतो आणि ते नेटवर्क महाप्याच्या राउटरला थेट जोडलेले असते. संगणकाचे पाकीट मात्र १९२.१६८.१०.० मधून निघते. ते प्रिंटरपर्यंत पोहोचतेही, पण प्रिंटरचे उत्तर घेऊन महाप्याचा राउटर आपले टेबल उघडतो तेव्हा त्यात त्या नेटवर्ककडे जाणारा मार्गच नसतो. म्हणून पिंग करताना सोर्स म्हणून आतल्या, म्हणजे लॅनच्या इंटरफेसचा पत्ता द्यावा आणि परतीचा मार्ग पहिल्याच फटक्यात तपासावा. हे एक नीट समजले की ‘पिंग जात नाही’ या तक्रारीकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. जाण्याचा मार्ग आणि येण्याचा मार्ग हे दोन वेगळे निर्णय असतात आणि ते दोन वेगळ्या राउटरनी घेतलेले असतात.

टेबलमध्ये एकाच पत्त्याला लागू पडणाऱ्या अनेक ओळी असू शकतात. त्यांपैकी सर्वांत लांब प्रीफिक्सची, म्हणजे ‘/’ नंतरचा आकडा सर्वांत मोठा असलेली ओळ निवडली जाते, म्हणून /२४ चा राउट असताना डिफॉल्ट राउट (दुसरा कोणताच मार्ग लागू नसताना वापरायचा) बाजूला राहतो. एकच प्रीफिक्स दोन मार्गांनी कळला असेल, तर ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स पाहिला जातो: थेट जोडलेल्याचा ०, स्टॅटिकचा १, ओएसपीएफचा (राउटर एकमेकांना मार्ग कळवतात त्या पद्धतीचा) ११०. जितका आकडा कमी, तितका विश्वास जास्त.

ठाण्यात बसून महाप्याच्या राउटरवर बदल करायचा असेल, तर ‘रीलोड इन १०’ ही आज्ञा आधी द्यावी, असा माझा आग्रह आहे. बदलामुळे आपलाच संपर्क तुटला, तरी १० मिनिटांनी राउटर आपोआप रीस्टार्ट होतो आणि जुन्या स्टार्टअप कॉन्फिगने, म्हणजे आधी सेव्ह केलेल्या कॉन्फिगरेशनने, उभा राहतो. सगळे ठीक दिसले की ‘रीलोड कॅन्सल’ द्यावे आणि मगच कॉन्फिग सेव्ह करावे. सेव्ह करण्याची घाई केली, तर या सोयीचा काहीच उपयोग राहत नाही आणि ट्रान्स-हार्बर लोकलने घणसोली गाठून, कन्सोल केबल घेऊन राउटरसमोर बसावे लागते.

सध्या माझा अभ्यास दुसऱ्या लिंकवर चालू आहे. कुठेतरी रस्ता खणला जातो, फायबर तुटते आणि गोदामाचे बिलिंग थांबते. यासाठी दुसऱ्या लिंकवरून डिस्टन्स २०० चा फ्लोटिंग स्टॅटिक राउट ठेवतात. मुख्य मार्ग असेपर्यंत तो टेबलमध्ये दिसतही नाही. अडचण अशी की, फायबर मध्येच कुठे तुटले, तरी आपल्या खोलीतल्या मीडिया कन्व्हर्टरपर्यंतची (फायबर आणि साधी नेटवर्क केबल जोडणाऱ्या पेटीपर्यंतची) केबल शाबूत असते. इंटरफेस ‘अप’ राहतो, मुख्य स्टॅटिक राउट टेबलमधून हलत नाही आणि पाकिटे तुटलेल्या वाटेवर जातच राहतात. मुख्य लिंकवर ओएसपीएफ चालवले, तर इथरनेटवर राउटर एकमेकांना दर १० सेकंदांनी हॅलो पाठवतात. ४० सेकंद हॅलो आला नाही की शेजारी गेला असे धरून त्याच्याकडून कळलेला मार्ग काढला जातो आणि २०० वाला वर येतो. पॅकेट ट्रेसर या सिस्कोच्या सिम्युलेटरमध्ये हे करून पाहणाऱ्यांनी दोन राउटरच्या मध्ये एक स्विच ठेवावा आणि पलीकडच्या राउटरकडची केबल तोडावी. दोन राउटर सरळ जोडून केबल काढली, तर दोन्ही इंटरफेस लगेच ‘डाउन’ होतात आणि खरी अडचण समोर येतच नाही.