गुरुवारचं दूध

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. ऐरोलीत आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, उपासना सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. "मिस्टर गेल्यावर तुम्ही पार खचला होतात. मग सावरलात कशा? येशूने असं काय केलं?" बहुतेक जण सहज विचारतात. काही जण मात्र आवाज खाली आणून विचारतात, आणि मला कळतं की प्रश्न माझ्याबद्दलचा नाही. हे लिहिणं खरं त्यांच्यासाठी आहे.

हे गेले तेव्हा ४९ वर्षांचे होते. हृदयविकाराचा झटका, मध्यरात्री. पहिले तीन महिने मी ठीक होते, कारण कामं होती: बँक, पीएफ, मृत्यूचा दाखला, मुलाची परीक्षा. कामं संपली, नातेवाईक आपापल्या घरी गेले आणि मग मी कोसळले. रडू येईनासं झालं. गॅसवर दूध ठेवायचे आणि समोर उभी असूनही ते उतू जाताना नुसती बघत राहायचे. रविवारी साडी नेसायचे, चपला घालायचे आणि पलंगावर बसून राहायचे, दुपारपर्यंत. प्रार्थनेला बसलं की "हे प्रभू" एवढं तोंडून यायचं, पुढे काही नाही. मग तेवढंही येईना.

त्या दिवसांत "देवाची काहीतरी योजना असेल" असं सांगणारे खूप भेटले. मनाने चांगली माणसं. पण मी स्पष्ट सांगते, त्या अवस्थेतल्या माणसाला हे वाक्य सांगू नका.

मग एका गुरुवारी दुपारी मंडळीतल्या चार बायका आल्या. "सलाम" म्हणाल्या आणि मी बसा म्हणायच्या आत एक थेट ओट्याशी गेली. बुडाला करपलेलं दुधाचं पातेलं तिथे दोन दिवस पडलं होतं. तिने त्यात पाणी आणि खायचा सोडा घालून ते गॅसवर ठेवलं, उकळू दिलं, मग चमच्याच्या कडेने काळं खरवडत बसली. अर्धा तास. तो खरखर आवाज मला अजून आठवतो. त्यांनी येताना दूध आणलं होतं, त्याचा चहा केला. एक गीत म्हटलं. माझ्याकडे कुणी बघितलं नाही की मी म्हणते आहे का. त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्क मावशी, ज्यांची आजी पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली, निघताना म्हणाल्या, "तुला प्रार्थना जमत नाही ना, नको करूस. आम्ही करतो तुझ्या वतीनं."

पुढच्या गुरुवारी पुन्हा आल्या. त्याच्या पुढच्याही. जवळजवळ दीड वर्ष.

मार्काच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायात एका पक्षघाती माणसाची गोष्ट आहे. चौघे जण त्याला बाजेसकट उचलून आणतात. कफर्णहूमच्या त्या घरात पाय ठेवायला जागा नसते, म्हणून छप्पर उसकटून बाज खाली सोडतात. संडे स्कूलपासून मी ही गोष्ट ऐकत आले. पण येशूने कुणाचा विश्वास पाहिला, हे मी कधी नीट वाचलंच नव्हतं. "त्यांचा विश्वास पाहून" असं तिथे लिहिलं आहे. त्यांचा, म्हणजे वाहून आणणाऱ्यांचा. बाजेवरचा माणूस त्या वेळी काही मागत नाही, एक शब्द बोलत नाही. मी वर्षभर स्वतःला दोष देत होते की माझा विश्वास कमी पडला, म्हणून आशा संपली. आणि इथे एक माणूस दुसऱ्यांच्या विश्वासावर येशूच्या पायाशी पोचला होता.

तुम्ही विचारता, आशा कुठून आली. माझ्या आतून नाही आली. ती या चार बायकांनी माझ्यासाठी धरून ठेवली होती.

एलीया संदेष्ट्याचंही असंच. पवित्र शास्त्रात १ राजे या पुस्तकाचा १९वा अध्याय वाचा. रतामाच्या झुडुपाखाली बसून तो मरण मागतो आणि झोपी जातो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. ऊठ, खा, एवढंच म्हणतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. तो खातो, पुन्हा झोपतो, पुन्हा तेच. देवाशी बोलणं होतं ते त्यानंतर, चाळीस दिवस चालून होरेब डोंगराला पोचल्यावर.

डॉक्टरांकडे मला त्याच मावशींनी नेलं. गोळ्या वर्षभर घेतल्या. गोळी घेणं म्हणजे विश्वासात कमी पडणं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आणि रात्री फारच वाईट विचार येत असतील, जवळ कुणी नसेल, तर १४४१६ वर फोन लावा. ती सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास.

मी पुन्हा चर्चला जायला लागले तेव्हा पाळकसाहेबांनी स्तोत्र ८८ काढून दिलं. दीडशे स्तोत्रांत इतकं काळोखाचं दुसरं नसेल. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधार असा आहे. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. आणि वधस्तंभावर प्रभूने स्वतः "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" असा आक्रोश केला, तोही बाविसाव्या स्तोत्राच्या शब्दांत. जिथे मी होते, तिथे तो आधीच जाऊन आला होता. कबरेतही. तिसऱ्या दिवशी तो उठला हे मी लहानपणापासून म्हणत आले, पण यांच्या कबरेपाशी उभी राहून म्हटलं तेव्हा पहिल्यांदा त्याला वजन आलं. हे मला पुन्हा भेटतील. आज नाही, आणि आजचं दुःख त्याने कमी होत नाही. तरी मी ते धरून आहे.

मावशींच्या घरी पंडिता रमाबाईंचा फोटो आहे. रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली गेली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ला गेल्या. हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्र मराठीत आणायचं काम त्यांनी त्या दुःखातही सोडलं नाही. त्या काळात त्यांनी रोज सकाळी कागद पुढे कसा ओढला असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते.

आता तुमच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर. माझ्याबाबतीत दिवस ठरवून, डोळे दिपवून काही झालं नाही. एका बुधवारी रात्री मी खाली दुकानात गेले आणि एक लिटर दूध घेतलं. उद्या बायका येणार, चहाला लागेल म्हणून. घरी येऊन पिशवी फ्रिजमध्ये ठेवली आणि तशीच फ्रिजचं दार उघडं धरून उभी राहिले. कितीतरी महिन्यांनी मी उद्याचा विचार केला होता. मग रडले. खूप वेळ.

हल्ली गुरुवारी आम्ही घणसोलीला एका घरी जातो. तिचा मुलगा गेलाय. ती दार उघडते आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसते. आम्ही भांडी घासतो, चहा करतो, एक गीत म्हणतो. तिच्या वतीने मी प्रार्थना करते. निघताना तिला एवढंच विचारते, पुढच्या गुरुवारी येताना दूध आणू का?

अजून ती "आणा" म्हणते.