धडक देऊन गाडी पळाली, आणि आमचा अर्ज घ्यायला कुणी तयार नव्हतं

"हे आमच्या संकलनाचं काम नाही, मॅडम." संकलन म्हणजे त्या-त्या कामाचं टेबल. बाबांना उडवून पळालेली गाडी सापडली नाही, म्हणून सरकारी भरपाईचा अर्ज घेऊन मी फिरत होते. तालुक्याच्या तहसील कार्यालयात हे वाक्य मी इतक्या टेबलांवर ऐकलं की शेवटी शेवटी समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच मला ते ऐकू यायचं. आज भरपाईचे पैसे जमा होऊन बरेच महिने झाले, तरी ते आठवलं की अजून राग येतो. हे लिहायचं कारण तेवढंच. ज्यांच्या घरी असं काही घडलंय, त्यांनी निदान माझ्यासारखे पुणे-गाव-पुणे असे हेलपाटे घालू नयेत.

बाबा निवृत्त एसटी कंडक्टर, वय 64. नोव्हेंबर 2024 मध्ये एका पहाटे सायकलवरून डेअरीला दूध घालायला निघाले होते. मागून आलेल्या चारचाकीने उडवलं आणि ती थांबलीच नाही. उसाच्या ट्रॅक्टरवाल्याने बाबांना पाहिलं, ट्रॅक्टर बाजूला घेतला आणि रिक्षातून ग्रामीण रुग्णालयात आणलं. त्या माणसाचे उपकार आम्ही विसरणार नाही. त्याला आधी भीती वाटत होती की पोलीस आपल्यालाच अडकवतील. मदत करणाऱ्यावर जबाबदारी येत नाही, आपलं नाव सांगायचं की नाही हेही त्याच्याच मर्जीवर असतं, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 134अ मध्ये स्पष्ट लिहिलंय.

नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, शिवाय खांद्याला मार. पायात रॉड घातला. सगळा खर्च पावणेदोन लाखांच्या घरात गेला. आता 5 मे 2025 पासून केंद्राची कॅशलेस योजना आलीय. रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयात पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत उपचार मिळतात आणि गाडी पळून गेली असली तरी मिळतात. बाबांच्या वेळी ती नव्हती. तुमच्या वेळी आहे, तर दवाखान्यात पोचल्या पोचल्या विचारा.

पोलिसांचं काम त्या मानाने नीट झालं. फिर्याद घेतली, पंचनामा केला. रस्त्याच्या कडेला आरशाचं काळं प्लास्टिकचं कव्हर सापडलं, तेही जप्त झालं. पेट्रोल पंपाच्या सीसीटीव्हीत एक पांढरी गाडी भरधाव जाताना दिसते, पण दिव्यांच्या झोतात नंबरप्लेट नुसती पांढरी फटक. पुढे "गुन्हा खरा, आरोपी मिळून येत नाही" म्हणून अ समरी झाली, म्हणजे तपास बंद केल्याचा अहवाल.

वॉर्डातच एक गृहस्थ बाबांच्या खाटेशी येऊन बसले होते. "केस लावून देतो, निम्मे तुमचे, निम्मे आमचे." अशा माणसांना कागद देऊ नका. भरपाईच्या या अर्जाला फी नाही आणि वकीलही लागत नाही.

माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा भाऊ वकील आहे, त्याने फोनवर सगळं उलगडून सांगितलं. गाडी सापडली तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कलम 166 खाली दावा. तो अपघातापासून सहा महिन्यांत लावायचा, ही मुदत 1 एप्रिल 2022 पासून आलीय. चूक कुणाची हे सिद्ध करत बसायचं नसेल तर कलम 164 आहे, त्यात गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख. आणि गाडी सापडलीच नाही तर कलम 161 खाली 2022 ची हिट अँड रन भरपाई योजना, गंभीर दुखापतीला 50 हजार, मृत्यूला दोन लाख. त्याआधी तर हेच आकडे साडेबारा हजार आणि पंचवीस हजार होते.

पाय तोच, रॉड तोच. नंबर दिसला असता तर अडीच लाख, दिसला नाही म्हणून पन्नास हजार. मला हे अजूनही पटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 12 जानेवारी 2024 च्या आदेशात ही रक्कम वाढवण्याचा विचार करा, असं केंद्राला सांगितलंय. वाढेल तेव्हा वाढेल, पण आहे ते तरी हातात पडलं पाहिजे ना?

कायद्यात अर्जाची वाट सरळ आहे. ज्या तालुक्यात अपघात झाला तिथल्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे अर्ज द्यायचा. त्याने महिनाभरात अहवाल दावा मंजुरी आयुक्तांना, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांना, पाठवायचा. त्यांनी पंधरा दिवसांत मंजुरी द्यायची आणि जनरल इन्शुरन्स कौन्सिलने, म्हणजे विमा कंपन्यांच्या संस्थेने, पुढच्या पंधरा दिवसांत पैसे खात्यात टाकायचे. दोन महिन्यांत विषय संपायला हवा.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी सगळे कागद घेऊन तहसीलला गेले. बारनिशीतल्या, म्हणजे आवक-जावक टेबलावरच्या, बाईंनी अर्ज उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "हिट अँड रन ना, मग पोलीस स्टेशनला द्या." मी म्हटलं, गुन्हा तिथेच नोंदलाय, हा भरपाईचा अर्ज आहे. त्यांनी मला नैसर्गिक आपत्तीच्या टेबलावर पाठवलं. तिथल्या कारकुनाने विचारलं, "वीज पडली का?" तो थट्टा करत नव्हता, त्याच्याकडे खरोखर वीज पडण्याचे, पुराचे, भिंत कोसळण्याचेच अर्ज येतात. तिथून संजय गांधी योजनेचं टेबल. तिथून अव्वल कारकून. ते म्हणाले, "दावा चौकशी अधिकारी असं पद आमच्याकडे नाही. प्रांतांकडे जा."

प्रांतांचं, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांचं, कार्यालय तीस किलोमीटरवर. पुढच्या आठवड्यात परत रजा टाकली, एसटीने गेले. तिथे सांगितलं, "अर्ज तालुक्याचा आहे ना, मग तहसीलदारांमार्फतच आला पाहिजे." परत तहसील. परत अव्वल कारकून. "प्रांतांनी लेखी दिलंय का?" जिल्हाधिकारी कार्यालयात गेले तर गृह शाखेत म्हणाले, "मंजुरी आमच्याकडून होते, बरोबर आहे, पण फाइल खालून वर आली पाहिजे." ती खालून वर कशी येणार, खाली कुणी घेतच नाही तर? हे मी मोठ्या आवाजात विचारलं. तिथल्या व्हरांड्यात बसलेले लोक वळून बघायला लागले, आणि मला रडू आलं. एका हातात फाइल, दुसऱ्या हातात बाबांचे एक्स-रे. मोठा लिफाफा, गुंडाळताही येत नाही.

गोंधळ नेमका कशाचा होता हे मला नंतर राजपत्र वाचून कळलं. योजनेतल्या व्याख्येत दावा चौकशी अधिकारी म्हणजे उपविभागीय अधिकारी, तहसीलदार किंवा तालुक्याच्या महसुली उपविभागाचा प्रभार असलेला अधिकारी, असं दोघांचंही नाव आहे. म्हणून तहसीलदारांचा कारकून प्रांतांकडे बोट दाखवतो, आणि प्रांतांचा कारकून तहसीलदारांकडे. दोघांनाही आपल्या साहेबाला हे काम आहे हे माहीत नसतं, आणि माहीत करून घ्यावं असं वाटतही नाही.

या सगळ्यात माझीही एक चूक झाली. मी प्रत्येक वेळी अर्ज दाखवत होते, देत नव्हते. पोच मागितलीच नाही. दोन महिने मी या दारातून त्या दारात फिरले आणि माझ्याकडे त्याचा एकही पुरावा नव्हता. बाबांनीच ते पकडलं. आयुष्यभर तिकिटांचा हिशेब ठेवलेला माणूस, पलंगावरून म्हणाले, "तारखेचा शिक्का कुठाय? शिक्का नाही म्हणजे तू गेलीच नव्हतीस." अर्ज दोन प्रतींत न्या, एका प्रतीवर आवक क्रमांक आणि गोल शिक्का मारून घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, त्यांना ते नाकारता येत नाही.

शेवटी गाडं हललं ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामुळे. मोफत कायदेशीर मदत देणारं हे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं. वकिलांनीच तिकडे जायला सांगितलं होतं, पण मला वाटलं, पुन्हा एक नवं दार. उगीच पंधरा दिवस घालवले. आधी तिथेच गेले असते तर बरं झालं असतं. तिथल्या विधी स्वयंसेविका माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेईपर्यंत मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. मग त्यांनी तो सर्वोच्च न्यायालयाचा आदेश काढला. गाडीचा तपशील महिन्याभरात मिळाला नाही तर ही भरपाई मागता येते आणि ती अमुक अधिकाऱ्याकडे मागायची, हे पोलिसांनीच जखमीला लेखी कळवायचं आहे. अपघाताचा अहवालही पोलिसांनीच त्या अधिकाऱ्याला पाठवायचा आहे. आणि महिन्याभरात अर्ज आला नाही तर त्या अधिकाऱ्याने विधी सेवा प्राधिकरणाला कळवून जखमीच्या घरच्यांना मदत करायला सांगायचं आहे. म्हणजे अधिकाऱ्याने मला शोधत यायचं होतं, आणि मी त्याला शोधत फिरत होते!

प्राधिकरणाच्या सचिवांचं पत्र निघालं, तहसीलदारांच्या नावाने, आदेशाचा उतारा जोडून. 17 मार्चला मी ते पत्र, अर्ज आणि व्याख्येच्या ओळीला पिवळी खूण केलेली राजपत्राची प्रत घेऊन थेट तहसीलदारांना भेटले. त्यांनी पत्र वाचलं, व्याख्या वाचली, अव्वल कारकुनाला बोलावून म्हणाले, "हे आपलंच आहे. आवक करा." दहा मिनिटंही लागली नाहीत. बाहेर येऊन मी कँटीनच्या बाकावर बसले आणि हातातल्या प्रतीवरचा जांभळा शिक्का कितीतरी वेळ बघत राहिले.

कागद काय लागले ते सांगायचं राहिलं. नमुना 1 मधला अर्ज, नमुना 4 मधलं हमीपत्र, एफआयआरची प्रत, दुखापत प्रमाणपत्र, बिलं, आधार, पासबुकाची प्रत. हमीपत्र मुकाट सही करून देऊ नका, वाचा. पुढे कधी गाडी सापडली आणि दुसऱ्या मार्गाने भरपाई मिळाली तर ही रक्कम परत करावी लागते.

दुखापत प्रमाणपत्र मात्र घेतल्या जागीच वाचा. आमच्या पहिल्या प्रमाणपत्रावर "अंतिम मत क्ष-किरण तपासणीनंतर" असं लिहून पुढची जागा कोरी सोडली होती. पैसे फक्त मृत्यूला आणि गंभीर दुखापतीला मिळतात. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापतच आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 मध्ये तशी यादीच दिलीय. पण तो "गंभीर" शब्द डॉक्टरांच्या हातचा कागदावर नसेल तर टेबलावरचा माणूस तुमचा एक्स-रे बघत नाही. मी एक्स-रे आणि ऑपरेशनचे कागद दाखवून अंतिम मत लिहून घेतलं.

चौकशीसाठी बाबांना हजर करा, असा निरोप आला तेव्हा ते वॉकरवर होते आणि कार्यालय पहिल्या मजल्यावर. मी लेखी विनंती दिली, मंडळ अधिकारी घरी येऊन जबाब घेऊन गेले. भले गृहस्थ होते, चहाही घेतला नाही. मागितलं तर मिळतं, पण लेखी मागा.

अहवाल वर जायला महिन्याऐवजी जवळजवळ दोन महिने लागले. मध्ये मी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात एकच प्रश्न विचारला होता, "माझ्या अर्जावर आजपर्यंत काय कार्यवाही झाली, तारीखवार कळवा." त्यानंतर अहवाल गेला. जूनच्या अखेरीस जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी, आणि ऑगस्टमध्ये बाबांच्या पेन्शनच्या खात्यात 50,000 रुपये. बाबांनी पासबुक भरून आणायला लावलं, ती ओळ बोटाने दोनदा वाचली आणि म्हणाले, "यातनं आधी त्या ट्रॅक्टरवाल्याला एक शर्टपीस घे."

मंजुरी आदेशाची प्रत आणायला मी शेवटचं तहसीलला गेले, तेव्हा अव्वल कारकुनांनी एक नवीन नोंदवही काढली. वर मार्करने "हिट अँड रन" लिहिलं होतं. पहिल्या ओळीत बाबांचं नाव. त्याच्याखाली आणखी दोन नावं होती, दोन्हींसमोर आवकचा शिक्का.