ग्लेन कॅन्यनच्या विसर्गावर मी हरकत नोंदवली

मी फिनिक्सला व्हिसावर राहतो. अमेरिकेतल्या धरणातून पाणी कसं सोडावं यावर हरकत नोंदवायला इथलं नागरिकत्व लागत नाही, हे मला फेब्रुवारी 2024 मध्ये कळलं. ब्युरो ऑफ रेक्लमेशन या धरणं सांभाळणाऱ्या सरकारी खात्याने कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यन धरणाच्या विसर्गाचा मसुदा अहवाल तेव्हा हरकती-सूचनांसाठी खुला केला होता. मुदत 25 मार्चपर्यंत. मी पुण्याचा. पावसाळ्यात खडकवासल्यातून किती क्युसेक सोडले आणि भिडे पूल पाण्याखाली गेला का, एवढ्यावरच आमचा विसर्गाचा विचार संपायचा. इथे वाद पाण्याच्या तापमानाचा होता, म्हणून कुतूहल वाटलं.

अहवाल शेकडो पानी. सुरुवातीची पार्श्वभूमी आणि पर्यायांचं प्रकरण एवढं नीट वाचलं, बाकी चाळलं. मुद्दा असा: लेक पॉवेल, म्हणजे या धरणाचा जलाशय, भरलं की पातळी 3,700 फूट असते. 2022-23 मध्ये ती 3,520 फुटांच्या आसपास उतरली. वीजगृहाकडे पाणी नेणाऱ्या नळांची तोंडं जागेवरच, त्यामुळे वरचा कोमट थर त्यांच्याजवळ आला. त्या थरातले स्मॉलमाउथ बास हे बाहेरून आलेले शिकारी मासे टर्बाइनमधून जिवंत खाली उतरले आणि खालचं पाणीही त्यांच्या विणीला पुरेसं कोमट झालं. 2022 मध्ये धरणाखाली सुमारे पाच किलोमीटरवर, काठच्या एका संथ डबक्यात त्यांची पिल्लं सापडली. तिथे रोटेनोन हे मत्स्यनाशक वापरावं लागलं. बास दिसेल तो छोटा मासा खातो. आणि धरणापासून 120 किलोमीटरवर, लिटल कोलोरॅडो या उपनदीच्या संगमाजवळ, हंपबॅक चब या स्थानिक माशाची सगळ्यात मोठी वस्ती आहे. कोलोरॅडोच्या खोऱ्याबाहेर हा मासा कुठेच नाही. 2021 मध्येच त्याला ‘धोक्यात’वरून ‘असुरक्षित’ या कमी धोक्याच्या श्रेणीत आणलं होतं.

उपाय धरणातच होता. वीजगृहाच्या नळांखाली सुमारे शंभर फुटांवर आणखी चार नळ आहेत. त्यांतून थंडगार पाणी येतं. ते वरच्या पाण्यात मिसळून नदी 15.5 अंश सेल्सिअसच्या आत ठेवायची, म्हणजे बास विणणार नाही. काही पर्यायांत जोडीला मोठा लोंढा होता, कारण नर बास काठाशी घरट्यावर राखण करतो आणि लोंढ्याने ती घरटी विस्कटतात.

पण त्या चार नळांवर टर्बाइन नाहीत. तिथून गेलेलं पाणी वीज देत नाही, आणि हे सगळं उन्हाळ्यात, वीज महाग असतानाच करायचं. ही वीज घेणाऱ्यांत नावाहोंसारख्या आदिवासी जमातींच्या वीज संस्था आहेत. इथे मी बरेच दिवस अडखळलो. माशासाठी बिल कोणी भरायचं हा प्रश्न अहवालातल्या तक्त्यांनी सुटत नाही. दुसरीकडे, ग्रँड कॅन्यनमध्ये मासे पकडून मारण्याला झुनी या आदिवासी जमातीचा जुना धार्मिक आक्षेप आहे. बास एकदा पसरला की मारण्याशिवाय हातात काही उरत नाही. माझं पारडं थंड पाण्याकडे झुकलं ते यामुळे.

आता लिहिण्याबद्दल. ही मतमोजणी नसते. ‘चब वाचवा’ अशी हजार पत्रं गेली तरी त्यांतला मुद्दा एकच धरला जातो. पान आणि पर्याय सांगून नेमकं काय बदलावं ते लिहिलं, तर तेव्हाच्या नियमांनुसार त्यावर उत्तर द्यावं लागायचं. मी तीनच गोष्टी लिहिल्या: तापमानाचं लक्ष्य लिटल कोलोरॅडोच्या संगमापाशी धरा, ते गाठायला लागेल तेवढंच पाणी खालच्या नळांतून सोडा, आणि त्या डबक्यात नदीचं पाणी खेळतं राहील अशी कायमची सोय करा, नाहीतर दरवर्षी औषध ओतत बसावं लागेल. भावनिक परिच्छेद खोडला. पत्र ईमेलने गेलं. नाव-पत्ता सार्वजनिक होऊ शकतो अशी सूचना अहवालात होती. बायकोला ते पटलं नव्हतं.

अंतिम अहवालात सारख्या मुद्द्यांचे गट करून उत्तरं दिलेली असतात, त्यामुळे आपलं वाक्य शोधण्यात अर्थ नाही. जुलै 2024 मध्ये निर्णय झाला आणि त्याच महिन्यात थंड पाणी मिसळून सोडायला सुरुवात झाली. डबक्याच्या कामाला वेगळी परवानगी, वेगळी प्रक्रिया. धरणाच्या खालच्या बाजूला असलेल्या लीज फेरीच्या मापन केंद्रावरचं पाण्याचं तापमान कोणालाही ऑनलाइन बघता येतं. त्या उन्हाळ्यात मी ते क्रिकेटच्या स्कोअरआधी बघायचो.